पेआउट चुकला म्हणून पगार कापू नका, आधी ब्रेकचा तक्ता बघा

प्रति,
मा. गेमिंग कमिशनर आणि मा. श्रम आयुक्त, गोवा सरकार,
तसेच मांडवीतल्या सर्व कॅसिनो बोटींची व्यवस्थापने

विषय : टेबलावरच्या चुका, त्यांची वसुली आणि डीलरचे उभं राहण्याचे तास

महोदय,

मांडवीतल्या बोटींवर रुलेट, ब्लॅकजॅक, बॅकरा, अंदर-बाहर आणि फ्लशची टेबलं चालवणारे डीलर आणि त्यांच्यावर देखरेख करणारे इन्स्पेक्टर हे पत्र लिहीत आहेत. कॅसिनो गोव्यात असावेत की नसावेत, या वादात आम्हाला इथे पडायचं नाही. १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या झाल्या, पंचतारांकित हॉटेलांत मशीनं आणि पाण्यावरच्या बोटींत टेबलं चालवायला वाट मिळाली. तेव्हापासून गोव्यातल्या, सावंतवाडी-कुडाळच्या, बेळगावच्या, ईशान्येकडच्या आणि नेपाळच्या मुलामुलींची घरं या टेबलांवर चालत आली आहेत. आमचं म्हणणं एकाच गोष्टीचं आहे. टेबलावर पेआउट, म्हणजे जिंकलेल्या पाहुण्याला द्यायची रक्कम, चुकला की दोष डीलरचा ठरतो आणि पुष्कळदा रक्कमही त्याच्याच अंगावर येते, कधी पगारातून, कधी टिपच्या वाट्यातून. ती चूक आली कुठून, हे मात्र कुणी पाहत नाही. ते पाहायचं तर आधी टेबलावर नेमकं काय चालतं ते समजून घ्यायला हवं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सर्वांत जास्त चुका रुलेटवर होतात. चाकावर शून्य ते ३६ अशी ३७ घरं असतात. प्रत्येक पाहुण्याला वेगळ्या रंगाच्या चिप्स मिळतात. त्या चिपेवर किंमत छापलेली नसते. पाहुण्याने ती जेवढ्याला घेतली तेवढी तिची किंमत, आणि ती लक्षात राहावी म्हणून चाकाच्या कडेला त्या रंगाची एक चिप आणि तिच्यावर किमतीचं बटण ठेवलेलं असतं. बॉल पडला की डीलर नंबर पुकारतो, विजयी नंबरावर डॉली, म्हणजे खुणेची सोंगटी, ठेवतो, हरलेल्या चिप्स ओढून घेतो, मग कॉलम, डझन, रेड-ब्लॅक ही बाहेरची बेट्स चुकती करतो आणि शेवटी आतली, एकेक रंग घेऊन. आतल्या बेट्सचे दर, म्हणजे एका चिपेला किती चिप्स द्यायच्या ते, असे : एका नंबरावरच्या स्ट्रेटला ३५, दोन नंबरांमधल्या रेघेवरच्या स्प्लिटला १७, तीन नंबरांच्या स्ट्रीटला ११, चार नंबरांच्या कॉर्नरला ८, सहा नंबरांच्या सिक्स-लाइनला ५. यासाठी १७ चा आणि ३५ चा पाढा झोपेतून उठवून विचारला तरी यावा लागतो, आणि जोड्याही : स्ट्रेट अधिक स्प्लिट ५२, स्ट्रेट अधिक कॉर्नर ४३, स्प्लिट अधिक कॉर्नर २५.

आता १७ नंबर आला असं धरा. नारिंगी रंगाच्या तीन स्ट्रेट, चार स्प्लिट आणि पाच कॉर्नर आहेत. १०५ अधिक ६८ अधिक ४०, म्हणजे २१३. नारिंगी चिप अडीचशेची असेल तर २०० चिपांचे ५०,००० किंमत छापलेल्या कॅश चिप्समध्ये आणि उरलेल्या १३ रंगात. हे मनात मांडायचं, वीस-वीसच्या थप्प्या कापून दाखवायच्या, इन्स्पेक्टरला आकडा मोठ्याने सांगायचा, त्याचा होकार आला की थप्पी सरकवायची. हे होईपर्यंत निळ्या रंगाचा पाहुणा वाट पाहत असतो. त्याने १७ च्या सर्व बाजूंनी एकेक चिप ठेवलेली असते : एक स्ट्रेट, चार स्प्लिट, चार कॉर्नर, एक स्ट्रीट, दोन सिक्स-लाइन. बारा चिपांचे १५६. त्याच वेळी तिसरा पाहुणा पुढच्या स्पिनसाठी चिप्स मागतो, चौथा नंबर सांगून बेट लावायला सांगतो, आणि ओढलेल्या दोन-तीनशे चिप्स रंगवार लावून पुन्हा थप्प्यांत आणायच्या बाकी असतात.

इथे चुका ठरावीक चार तऱ्हांच्या होतात. पहिली पाढ्याची : सतरा चोक ६८ ऐवजी ६४ तोंडातून जातं. दुसरी जागेची : थप्पीला धक्का लागून कॉर्नरची चिप रेघेवर सरकते आणि स्प्लिट म्हणून मोजली जाते, म्हणजे प्रत्येक चिपेमागे ९ चा फरक. तिसरी किमतीची, आणि ही सर्वांत महाग : कडेवरचं बटण नजरेतून सुटतं आणि अडीचशेची चिप पाचशेची धरली जाते. वरच्या उदाहरणात ५०,००० चे थेट १,००,००० होतात. चौथी, हरलेल्या चिप्स ओढताना हाताच्या ओघात जिंकलेलीही निघून जाते, आणि मग पाहुण्याचा शब्द आणि कॅमेऱ्याचं फुटेज यांच्यात खेळ अडकतो. नवशिका डीलर पाढ्यात जास्त चुकतो. जुना डीलर पाढ्यात क्वचित चुकतो. तो चुकतो किमतीत आणि जागेत, म्हणजे नजरेत, आणि नजर थकते ती उभं राहण्याच्या वेळेने.

म्हणून ब्रेकचा तक्ता. चांगल्या कॅसिनोंची जुनी पद्धत आहे : ६० मिनिटं टेबल, २० मिनिटं विश्रांती. त्याला तीन टेबलांमागे चार डीलर लागतात. रिलीफला, म्हणजे टेबल हाती घ्यायला, आलेला खांद्यावर टॅप करतो, उठणारा तळहात दोन्ही बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवून पुढच्या टेबलावर जातो, वीस-वीस मिनिटांची तीन टेबलं झाली की ब्रेक. सहा टेबलं असतील तर आठ डीलर. आता लाँग वीकेंडला आठांतला एकच माणूस आला नाही, तर सात माणसांत सहा टेबलं चालतात आणि रिलीफ एकच उरतो. मग प्रत्येकाला २० मिनिटांचा ब्रेक मिळायच्या आधी १२० मिनिटं उभं राहावं लागतं. एका माणसाच्या गैरहजेरीने उभं राहण्याची वेळ थेट दुप्पट होते. हे साधं गणित तक्ता करणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. पण टेबल बंद करण्यापेक्षा ब्रेक लांबवणं सोपं वाटतं, कारण बंद टेबलाचा तोटा रिपोर्टात दिसतो, आणि थकलेल्या डीलरचा तोटा त्याच्या नावावर टाकता येतो.

आमची पहिली मागणी इथली आहे. तीन टेबलांना चार डीलर हे प्रमाण लेखी असावं, तक्ता पिटमध्ये, म्हणजे टेबलांच्या गटामधल्या जागेत, आणि स्टाफरूममध्ये लावलेला असावा, आणि माणूस कमी पडला तर टेबल बंद व्हावं किंवा दोन टेबलं जोडून त्यांचं मिनिमम बेट वाढावं. कोणत्याही डीलरने ७५ मिनिटांपेक्षा जास्त सलग उभं राहू नये. रुलेटवर पाचवा रंग निघाला की चिप्स लावायला दुसरा माणूस द्यावा. एका इन्स्पेक्टरकडे दोनपेक्षा जास्त रुलेट टेबलं नसावीत, कारण २१३ चा आकडा ऐकून पडताळायला त्यालाही चार सेकंद लागतात, आणि शेजारच्या टेबलावरून त्याच चार सेकंदांत दुसरा आकडा येतो.

बॅकराची चूक वेगळ्या जातीची आहे. शूमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या पेटीत, आठ गड्ड्या, ४१६ पत्ते. प्लेअर आणि बँकर अशा दोन बाजू, ज्या बाजूची बेरीज नऊच्या जास्त जवळ ती जिंकते. प्लेअर बाजूला पाच किंवा कमी झाले तर ती तिसरा पत्ता घेते, सहा-सात असतील तर थांबते. बँकरचं मात्र प्लेअरच्या तिसऱ्या पत्त्यावर अवलंबून. बँकर तीनवर असेल आणि प्लेअरला तिसरा पत्ता आठ आला असेल, तर बँकर घेत नाही. आठ सोडून दुसरं काहीही आलं तर घेतो. हात सवयीने चालत असतात, तीनवर पत्ता ओढला जातो, आणि तो उताणा पडल्यावर सर्व टेबल ओरडतं. तो पत्ता आता पुढच्या डावाचा की बाद, हे प्रत्येक ठिकाणच्या लेखी नियमावर ठरतं, आणि तो नियम डीलरला तोंडपाठ असण्याइतका स्पष्ट लिहिलेला हवा. बँकरच्या बेटवर पाच टक्के कमिशनही तिथेच कापायचं असतं : ७,५०० वर ३७५, म्हणजे देणं ७,१२५.

अंदर-बाहरला लोक सोपा खेळ समजतात, आणि डीलरही सुरुवातीला तसंच समजतो. अंदर आणि बाहर या दोन बाजूंना आळीपाळीने पत्ते टाकायचे, मधल्या पत्त्याच्या जोडीचा पत्ता जिथे पडेल ती बाजू जिंकते. पण ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिची जिंकण्याची शक्यता ५१.५ टक्के असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या बाजूला पूर्ण पैसे मिळत नाहीत, ५,००० वर ४,५०० मिळतात. पावसाळ्यात नदीवरच्या दमटपणाने पत्ते एकमेकांना चिकटतात. दोन पत्ते एकत्र एकाच बाजूला पडले की तिथून पुढे अंदरचा पत्ता बाहरला आणि बाहरचा अंदरला जातो. हे पाच-सहा पत्त्यांनंतर लक्षात आलं तर एकच उपाय : काही हलवायचं नाही, पिट बॉसला बोलवायचं, आणि मांडलेला क्रम शेवटाकडून एकेक पत्ता उचलत मागे न्यायचा. जून ते सप्टेंबर दर पाळीला नव्या गड्ड्या द्या, एवढ्यानेच हे प्रकार बरेच कमी होतील. गड्डीचा खर्च एका वादाच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आहे.

आता वसुलीबद्दल. चूक झाली की डीलरने करायचं ते प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवतात : हात थांबवायचे, चिप्स आणि पत्ते आहेत तिथेच ठेवायचे, इन्स्पेक्टरला हाक मारायची, सर्व्हेलन्सकडून, म्हणजे कॅमेरे पाहणाऱ्यांकडून, फुटेज बघून घ्यायचं. ही पद्धत उत्तम आहे. हिच्यामुळेच पाहुण्याचे आणि हाऊसचे, म्हणजे कॅसिनोचे, पैसे सुरक्षित राहतात. पण पेआउट सरकवल्यावर ज्या डीलरच्या लक्षात येतं की आपण २,००० जास्त दिले, आणि ज्याला ठाऊक आहे की बोललो तर ते आपल्या पगारातून जातील, त्याच्यासमोर दोन वाटा उघड्या राहतात. त्यातली गप्प बसण्याची वाट तुम्हीच रुंद केलेली असते. वसुली नसेल तर तोच डीलर तिथल्या तिथे ‘चेक’ म्हणतो, पाहुणा जागेवर असतो, चिप्स अजून मिसळलेल्या नसतात, आणि अर्ध्या मिनिटात दुरुस्ती होते. दंडाच्या भीतीने चुका कमी होत नाहीत, त्या उशिरा सापडतात, आणि उशिरा सापडलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

कायद्याचंही पाहा. वेतन संहिता, २०१९ नुसार ज्या रकमेचा हिशेब कामगाराने द्यायचा आहे तिचं नुकसान पगारातून कापता येतं, पण ते थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असेल तरच, आणि त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्यावरच. सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. १२० मिनिटं सलग उभं राहिलेल्या माणसाची नजर बटणावरून घसरली, तर तो हलगर्जीपणा कुणाचा, हे ठरवायला पिटचा त्या रात्रीचा तक्ता समोर ठेवावाच लागेल. म्हणून श्रम आयुक्तांना विनंती : पेआउटच्या चुकीची कोणतीही कपात करण्याआधी तीन कागद असावेत. त्या डीलरच्या त्या रात्रीच्या टेबल-ब्रेकच्या वेळा, डीलरसमोर पाहिलेल्या फुटेजचा अहवाल, आणि त्याचं लेखी म्हणणं. टिपच्या पेटीतून वसुली तर पूर्ण बंद व्हावी, कारण ती टिप पाहुण्याने हाऊसला दिलेली नसते. टिपची मोजणी दोन डीलरांसमोर व्हावी आणि पॉइंटनुसार वाटप झालेला आठवड्याचा तक्ता भिंतीवर लागावा. चूक शोधायचीच असेल तर चुकांचं रजिस्टर ठेवा : तारीख, खेळ, चुकीची तऱ्हा, त्या वेळी डीलर किती मिनिटं टेबलावर होता. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की कोणाला पाढे परत शिकवायचे आणि कुठल्या पिटला माणसं वाढवायची, दोन्ही कळेल.

याच्याच जोडीची आणखी एक चाल आहे. टेबल हरायला लागलं की डीलर बदलला जातो, ‘याचा हात आज जड आहे’ असं म्हणून. रुलेटमध्ये हाऊसचा फायदा २.७ टक्के असतो, तो हजारो स्पिनांवर दिसतो. फक्त रेडवर तीस वेळा सारखीच रक्कम लावणारा पाहुणा शेवटी पुढे असण्याची शक्यता तीनात एकाहून जास्त असते. तासाभरात एखादं टेबल हरणं हे खेळाच्या गणितातच आहे, त्यात बॉल टाकणाऱ्याचा काही हात नाही. असा बदल तक्ता मोडतो. ज्याचा ब्रेक दहा मिनिटांवर आला होता त्याला दुसऱ्या टेबलावर नेलं जातं आणि त्याची मिनिटं पुन्हा शून्यापासून मोजली जातात. ती मोजू नयेत, आधीची धरावीत.

पाहुण्यांच्या वागण्याविषयी लिहावंच लागेल. चिप्सच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हरल्यावर त्याचा राग काढायला समोर डीलरच असतो. पत्ते तोंडावर फेकणं, आईवरून शिव्या, मुलींचा हात धरणं, हे होतं. यावर आज ‘हसून सोडून द्या’ असं सांगितलं जातं. डीलरला डाव थांबवायचा अधिकार द्या : हात वर, ‘टेबल होल्ड’ असं पुकारायचं, पिट बॉस येईपर्यंत पत्ता नाही. लैंगिक छळविरोधी कायद्यात, २०१३ च्या, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही मालकावर टाकली आहे. त्रास देणारा पाहुणा आहे म्हणून मालक त्यातून सुटत नाही. अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर स्टाफरूममध्ये हवेत, आणि तक्रारीनंतर फुटेज जपून ठेवायची मुदत लेखी हवी.

शरीराचं थोडक्यात. सिगारेटच्या धुरात उभं राहणं हे आमच्या कामाच्या अटीत नाही. तंबाखू नियंत्रणाच्या नियमांत धूम्रपानाची जागा चारी बाजूंनी पूर्ण भिंतींची, आपोआप बंद होणाऱ्या दाराची आणि वेगळ्या हवेच्या सोयीची असावी लागते. तिथे खेळाचं टेबल ठेवून डीलर उभा करणं हे त्या नियमाच्या उलट आहे. उंचीने कमी असलेल्या डीलरला रुलेटच्या लांबच्या टोकाला वाकावं लागतं आणि पाठ जाते. चार इंचांचा लाकडी पाट टेबलामागे ठेवला की हे टळतं. तो मागावा लागू नये.

शेवटची गोष्ट जेटीची. पाळी टेबलावर सुरू होत नाही, ती पणजीच्या जेटीवर सुरू होते. कॅसिनोपर्यंत नेणाऱ्या फीडर बोटीसाठी थांबणं, बोटीवर जाणं, तपासणी, खिसे शिवलेला गणवेश चढवणं, ब्रीफिंग, हा सर्व वेळ कामाचा आहे, कारण त्या वेळात आम्ही दुसरं काही करू शकत नाही. पावसाळ्यात मांडवीला ओढ असली की फीडर उशिरा सुटते, आणि पाळी संपलेला माणूस बोटीवरच अडकतो. हजेरी जेटीवर लागावी, येताना आणि जाताना दोन्ही वेळा. पहाटे सुटणाऱ्या मुलींना घरापर्यंत गाडी हवी. ‘जेटीपर्यंत सोडलं’ म्हणजे सोय झाली असं होत नाही, त्या वेळी म्हापशाला, वास्कोला किंवा फोंड्याला जाणारी बस नसते.

या मुद्द्यांवर श्रम खातं, गेमिंग कमिशनरचं कार्यालय, व्यवस्थापनं आणि डीलरांचे प्रतिनिधी यांची एकत्र बैठक व्हावी, ही विनंती. ती ऑक्टोबरच्या आत व्हावी, कारण दिवाळी आणि नाताळच्या गर्दीसाठीच्या नेमणुका तेव्हाच ठरतात. वेळ दुपारी दोननंतरची ठेवावी. रात्रपाळीचे लोक तेव्हा येऊ शकतात. व्यवस्थापनांनी मागच्या तीन महिन्यांचे पिटचे ब्रेक-तक्ते आणि कपातीच्या नोंदी सोबत आणाव्यात. आम्ही चुकांच्या रजिस्टरचा नमुना, तीन टेबलांना चार डीलर या प्रमाणाचा पूर्ण रात्रीचा तक्ता, आणि सात माणसांत सहा टेबलं चालवल्यास कोणाला किती मिनिटं उभं राहावं लागतं त्याचा तक्ता घेऊन येऊ. प्रतिनिधी म्हणून येणाऱ्यांची त्या दिवशीची हजेरी कापली जाणार नाही, एवढं आधी लेखी कळवावं.

आपले,
मांडवीतल्या बोटींवरचे डीलर आणि इन्स्पेक्टर
पणजी, गोवा